इतवारीची सोंगे आणि बाकाबाईंची कैफियत

भाद्रपद शुद्ध प्रतिपदा ही तिथी पंचांगात फारशी नावाजलेली नाही. परंतु नागपुरात, आणि त्यातही इतवारीत, ज्याने तो दिवस एकदा पाहिला त्याला वर्षभराच्या सणावारांत त्याच्या तोडीचा दुसरा दिवस सहसा आठवत नाही. आदल्या दिवशी, म्हणजे श्रावणी अमावास्येला, बैलांचा पोळा होऊन गेलेला असतो; आणि दुसऱ्या दिवशी, ज्याला कोणी पोळ्याची कर म्हणतात, कोणी बडगा म्हणतात, तर लेकुरवाळ्या घरांतून ज्याला तान्हा पोळा हेच नाव रूढ आहे, त्या दिवशी सराफा ओळीतले तराजू, भांडे ओळीतला पितळेचा खणखणाट, मस्कासाथेतली पोत्यांची चढउतार हे सारे मंदावते आणि एरवी हातगाडीलाही जेथे सुखासुखी वाट मिळत नाही अशा त्या चिंचोळ्या रस्त्यांवरून मारबत म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दोन प्रचंड स्त्री-आकृती, एक काळी आणि एक पिवळी, वाजतगाजत निघतात. त्यांच्या मागेपुढे बडगे असतात, म्हणजे कागदाचे, चिंध्यांचे आणि काटक्यांचे पुरुष-पुतळे, ज्यांच्या गळ्यात त्या त्या वर्षीच्या अपराध्यांची नावे पाटीवर लिहून अडकवलेली असतात. नेहरू पुतळ्यापाशी काळी आणि पिवळी समोरासमोर येतात, लाखांच्या संख्येने जमलेला समुदाय एकच कल्लोळ करतो, आणि इडा-पिडा, रोगराई, खोकला हे सारे आपल्याबरोबर घेऊन जाण्याची विनवणी करीत त्यांना अखेर अग्नीच्या स्वाधीन केले जाते.

हे सोंग आहे हे तेथे जमलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. बांबूच्या कामट्यांवर कागद आणि कापड चढवून उभी केलेली ती बाई खरी नव्हे, तिच्या अंगावरचा साज खरा नव्हे, आणि तिला जाळल्याने खोकला हद्दपार होत नाही, हे ज्याला कळत नाही असा माणूस त्या गर्दीत शोधूनही सापडणार नाही. तरीही ते सोंग सजवताना कारागिरांचे हात कित्येक दिवस राबतात, घराण्याघराण्यांतून ते काम वारशाने चालत येते, आणि स्त्रिया त्या पिवळ्या मारबतीची ओटी भरून तान्ही मुले तिच्या पायांवर घालतात. फसवण्याच्या हेतूने घेतलेला वेष आणि सर्वांच्या संमतीने, भर रस्त्यात, सूर्यप्रकाशात घेतलेला वेष यांत जे अंतर आहे ते आपल्या लोकजीवनाने फार पूर्वी ओळखले होते. एकनाथांच्या भारुडांतला जोशी काय, कोकणातल्या दशावताराचा संकासुर काय, झाडीपट्टीतली दंडार काय किंवा नागपूरकडच्या खडी गमतीतला सोंगाड्या काय, या सर्वांनी उसना चेहरा लावला तो खरे बोलण्याची मोकळीक मिळावी म्हणून. इतवारीच्या सोंगांचा इतिहास मला महत्त्वाचा वाटतो तो याच कारणाने. आणि त्या इतिहासात एक मुखवटा असा आहे की तो एका खऱ्या स्त्रीच्या चेहऱ्यावर इतका घट्ट बसला आहे की मूळ चेहरा पाहण्याची कोणालाच गरज उरलेली नाही. त्या स्त्रीची कैफियत मांडणे हा या लेखाचा मुख्य हेतू आहे.

देवगडच्या गोंड राजांपैकी बख्त बुलंद शाहाने अठराव्या शतकाच्या आरंभी नाग नदीच्या काठावरील वाड्या एकत्र करून नागपूर वसवले, चांद सुलतानाने तेथे राजधानी आणून तटबंदी आणि जुम्मा तलाव बांधला, आणि पुढे पहिल्या रघुजी भोसल्यांनी त्या शहराला मराठी राज्याचे पूर्वेकडील ठाणे केले. राजवाडा, सरदारांचे वाडे आणि कारभाऱ्यांची दफ्तरे महालात राहिली. व्यापार मात्र वारांच्या नावाने भरणाऱ्या बाजारांत वाढला. बुधवारी, शुक्रवारी, मंगळवारी या नावांच्या वस्त्या आजही त्याची साक्ष देतात, आणि त्या सर्वांत आदितवारचा बाजार, म्हणजे इतवारी, ही धान्य, कापड, सोनेचांदी, भांडी आणि मिरची यांची मोठी पेठ झाली. तेली, कोष्टी, सोनार, तांबट यांच्या वस्त्या आणि मारवाड-गुजरातेतून आलेल्या सावकारांच्या व बोहऱ्यांच्या पेढ्या असे तिचे मिश्र रूप बनले. सगळी सोंगे आणता येतात पण पैशाचे सोंग आणता येत नाही ही आपली म्हण ज्या पेठेला अक्षरशः लागू पडावी तीच पेठ सोंगांसाठी सर्व विदर्भात विख्यात व्हावी, यात मला विसंगती दिसत नाही. दिवसभर ज्यांना खऱ्याखोट्याची पारख करूनच पोट भरावे लागते, त्यांना उघड सोंगाची किंमत इतरांपेक्षा अधिकच कळत असली पाहिजे.

त्या दिवसाचे पहिले सोंग मुलांचे असते. पोळा हा वास्तविक कुणब्याचा सण. बैलाच्या खांद्याला लोणी-हळद लावावी, शिंगे रंगवावीत, झूल घालावी, गावाच्या तोरणाखाली जोड्या उभ्या कराव्यात, झडत्या म्हणाव्यात आणि घरोघर जाऊन बोजारा मिळवावा, असा त्याचा विधी आहे. पेठेतल्या बिऱ्हाडांत बैल नव्हते, आणि जेथे होते तेथे ते उधळले तर लहान मुलांच्या जिवावर बेतायचे. तेव्हा लाकडाचा बैल, ज्याला तिकडे नंदी म्हणतात, चाकांच्या पाटावर उभा करून मुलांच्या हाती द्यावा आणि त्यांचाही पोळा भरवावा, ही कल्पना निघाली. तिचे श्रेय नागपूरकर परंपरेने दुसऱ्या रघुजी भोसल्यांना देतात. सुताराने घडवलेला तो नंदी पिढ्यानुपिढ्या माळ्यावरून दरसाल खाली उतरतो, त्याला रंगाचा नवा हात मिळतो, मुले कृष्णाचा किंवा शेतकऱ्याचा वेष घेऊन त्याची दोरी धरतात, आणि वडील माणसे खऱ्या बैलाच्या धन्याला द्यावा तसा गंभीरपणे त्यांना बोजारा देतात. हा गंभीरपणा मला फार मोलाचा वाटतो. मुलाला नंदी लाकडाचा आहे हे कळते, देणाऱ्यालाही कळते; पण ज्या प्राण्याच्या श्रमावर आपले अन्न पिकते त्याच्यापुढे हात जोडण्याचा संस्कार ज्याच्या दारी बैल नाही त्या मुलावरही व्हावा, एवढ्यासाठी दोघेही ते सोंग मनापासून निभावतात.

मारबतीचे सोंग याहून उग्र आहे. विदर्भाच्या खेड्यांतून पोळ्याला दारोदार पळसाच्या डहाळ्या लावतात आणि दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे त्या उपटून, घरातल्या रोगराईला, ढेकणा-पिसवांना आणि साऱ्या अमंगळाला मारबतीबरोबर निघून जाण्याची हाक देत, शिवेबाहेर नेऊन टाकतात. पावसाळा सरत आलेला, पाणी गढूळ, घरोघर ताप आणि खोकला, अशा काळातले हे शुद्धिकर्म आहे, आणि त्याची भाषा शेतकऱ्याची आहे: जे नको ते गावाच्या हद्दीपलीकडे. शहराला शीव अशी उरली नाही, तेव्हा डहाळीची जागा पुतळीने घेतली. काळी मारबत 1881 साली आणि पिवळी मारबत 1885 साली सुरू झाली असे परंपरेने सांगितले जाते. पिवळीचा मान जागनाथ बुधवारीतील तऱ्हाणे तेली समाजाकडे आहे. काळी ही पुतनेसारखी घातक, आणि पिवळी ही गावाचे रक्षण करणारी, असा भेद लोक करतात. आणि त्या दोघींची भेट झाल्यावाचून मिरवणुकीचे सार्थक होत नाही.

ज्या साली काळी मारबत निघाली असे मानतात तो काळ लक्षात घेण्यासारखा आहे. 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले होते. 1861 मध्ये मध्य प्रांत बनून नागपूर त्याची राजधानी झाले. 1867 मध्ये मुंबईहून आगगाडी आली, आणि 1877 च्या 1 जानेवारीला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, जिच्या सुतापुढे आणि कापडापुढे इतवारीच्या आसपासचे हातमाग पुढे टिकणे कठीण झाले. ज्या सरकारने 1876 मध्ये नाट्यप्रयोगांवर नियंत्रण ठेवणारा कायदा केला आणि 1878 मध्ये देशी भाषांतील वृत्तपत्रांचे तोंड बांधले, त्या सरकारच्या अमलाखाली रंगभूमीवरचे सोंग आणि छापलेला शब्द हे दोन्ही सारखेच जोखमीचे झाले होते. पण रोगराई हाकलणाऱ्या बाईला, आणि तिच्या मागून चालणाऱ्या चिंध्यांच्या बाहुल्याला, कोणता हाकीम कोणत्या कलमाखाली पकडणार? धर्मविधीच्या आडोशाने लोकांना एक जागा सापडली, जेथे अपराध्याचे नाव मोठ्याने घेता येत होते. पुण्यात लोकमान्यांनी गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले ते 1893 च्या सुमाराचे. नागपूरच्या तेली-कोष्ट्यांच्या गल्ल्यांनी, त्यांच्यापाशी ना वृत्तपत्र ना व्याख्यानमाला असताना, त्याच्या कितीतरी आधी आपले सार्वजनिक व्यासपीठ कामट्या आणि कागद यांतून उभे केले होते. या कर्तृत्वाची नोंद आपल्या राजकीय इतिहासाने पुरेशी घेतलेली नाही, याचे मला मनापासून दुःख वाटते.

बडगे हे त्या व्यासपीठावरचे वक्ते. महागाई, साठेबाजी, हुंडा, लाचलुचपत, व्यसन, युद्ध, दहशतवाद असे दरसालचे विषय त्यांच्या रूपाने रस्त्यावर येतात, आणि पुढाऱ्यांचे पुतळेही येतात. ज्या पेठेत साठेबाजी करणारा आणि तिच्याविरुद्ध बडगा काढणारा हे एकाच ओळीत राहतात त्या पेठेत हे पुतळे वर्षानुवर्षे बिनदिक्कत फिरतात, ही गोष्ट लोकशाहीच्या दृष्टीने लहान नाही. 2020 साली करोनाच्या साथीमुळे मिरवणुकीला परवानगी मिळाली नाही. ज्या रोगराईला हाकलण्यासाठी मारबत निघते ती प्रत्यक्ष दारी आलेली असताना मारबत रस्त्यावर येऊ शकली नाही, आणि जुन्या नागपूरकरांना त्या वर्षाची ती खंत अजून बोलून दाखवावीशी वाटते.

आता बाकाबाईंकडे वळतो. नागपुरात कोणालाही विचारा, काळी मारबत कोणाची? उत्तर येते: बाकाबाईची. भोसल्यांच्या राणीने इंग्रजांशी हातमिळवणी केली, राज्याशी द्रोह केला, म्हणून तिची काळी पुतळी काढून जाळतात. आणि तिच्या नवऱ्याने तिला अडवले नाही म्हणून त्याच्या नावाने बडगा काढतात. ही कथा वृत्तपत्रांतून दरसाल छापली जाते आणि मुले ती तशीच शिकतात. तिचा दुसरा भाग तर काळाच्या साध्या गणितावरच कोसळतो. बाकाबाईंचे पती दुसरे रघुजी हे 1816 च्या मार्च महिन्यात वारले. ज्या 1817 च्या सीताबर्डीच्या लढाईचा आणि ज्या 1857 च्या उठावाचा संदर्भ या कथेत येतो, त्या दोन्ही वेळी ते हयातच नव्हते. मेलेल्या नवऱ्याने बायकोला अडवले नाही हा आरोप कोणत्याही न्यायासनापुढे टिकायचा नाही.

पहिल्या भागाची छाननी अधिक काळजीने केली पाहिजे, कारण त्यात सत्याचा अंश आहे. रघुजींच्या मृत्यूनंतर गादीवर त्यांचे पुत्र परसोजी बसले. ते शरीराने आणि बुद्धीनेही दुर्बळ होते, आणि त्यांच्या नावाने कारभार कोणी पाहावा यावरून दरबारात दोन तट पडले. एक बाकाबाई आणि धर्माजी भोसले यांचा, दुसरा रघुजींचे पुतणे मुधोजी ऊर्फ अप्पासाहेब यांचा. अप्पासाहेबांनी धर्माजींना कैद करून मुखत्यारी हाती घेतली, आणि आपली बाजू भक्कम व्हावी म्हणून 1816 च्या मे महिन्यात रेसिडेंट जेंकिन्स याच्याशी तैनाती फौजेचा तह केला. वडील रघुजींनी 1803 च्या देवगावच्या तहात कटक आणि वऱ्हाड गमावूनही ज्या तैनाती फौजेला आपल्या राजधानीत थारा दिला नव्हता, ती फौज नागपुरात आली ती अशी; आणि ती आणणारा हात बाकाबाईंचा नव्हता, त्यांच्या प्रतिपक्षाचा होता. 1817 च्या फेब्रुवारीत परसोजींचा खून झाला, अप्पासाहेब गादीवर आले, आणि त्याच वर्षी 26 आणि 27 नोव्हेंबरला त्याच अप्पासाहेबांच्या फौजेने सीताबर्डीच्या टेकडीवर इंग्रजांशी लढाई दिली. पराभवानंतर ते कैदेतून निसटले, रानोमाळ भटकले आणि 1840 मध्ये जोधपूरच्या आश्रयाला असताना वारले. त्यांच्या शौर्याला आणि त्यांनी भोगलेल्या वनवासाला लोकांनी मान दिला तो रास्तच आहे. पण ज्याने फौज आणली त्याला पराक्रमाचे वलय, आणि जिच्या पक्षाला चिरडण्यासाठी ती आणली तिला द्रोहाचा काळा रंग, ही वाटणी इतिहासाने केलेली नव्हे.

1818 मध्ये रघुजींच्या मुलीच्या मुलाला परसोजींच्या विधवा पत्नी दुर्गाबाई यांच्या मांडीवर दत्तक देऊन तिसरे रघुजी म्हणून गादीवर बसवण्यात आले. बाळराजाचे संगोपन आणि वाड्याची व्यवस्था बाकाबाईंकडे आली. मुलुखाचा कारभार मात्र जेंकिन्सने स्वतःच्या हाती ठेवला. म्हणजे राजमातेचा मान होता आणि राजसत्ता नव्हती. पुढे पस्तीस वर्षांनी, 11 डिसेंबर 1853 रोजी, तिसरे रघुजी पुत्रावाचून वारले आणि डलहौसीने दत्तकाचा हक्क अमान्य करून राज्य खालसा केले. त्यानंतर वाड्यावर जे गुदरले त्याचे वर्णन इंग्रज इतिहासकार के याने आपल्या ग्रंथात केले आहे, आणि तो काही भोसल्यांचा भाट नव्हता. हत्ती, घोडे, बैल यांचा सीताबर्डीत कवडीमोलाने लिलाव झाला. जडजवाहीर विक्रीसाठी कलकत्त्याला पाठवण्यात आले. आणि वाड्यातले सामानसुमान बाहेर काढण्याची वेळ आली तेव्हा वयोवृद्ध बाकाबाईंनी सामान हलवाल तर वाड्याला आग लावीन अशी धमकी दिली. सामान हलवले गेलेच. राण्यांनी आपले वकील थेट लंडनपर्यंत पाठवले. तेथूनही न्याय मिळाला नाही.

याच बाकाबाईंनी 1857 मध्ये आपले वजन इंग्रजांच्या बाजूने खर्च केले, हेही तितकेच खरे आहे. त्या वर्षीच्या जूनमध्ये नागपूरच्या टाकळी छावणीतील रिसाल्याच्या शिपायांचा उठावाचा बेत फसला, त्यांच्यातील काहींना फाशी दिली गेली, आणि बाकाबाईंच्या उदाहरणामुळे मराठी जिल्हे शांत राहिले अशी कबुली सरकारी गॅझेटिअरांनीच दिलेली आहे. हा दोष झाकण्याचे मला कारण नाही. जे शिपाई फासावर गेले त्यांच्या बाजूने पाहिले तर तो दोष मोठा आहे. पण तो तोलताना हेही तराजूत घातले पाहिजे की राज्य गेलेले, खजिना गेलेला, हाताशी फौज नाही, घरात दत्तकाचा प्रश्न अधांतरी, आणि डोळ्यांदेखत एकदा 1817 ची राखरांगोळी पाहिलेली, अशा एका वृद्ध विधवेने घराण्याचे नाव टिकवण्यासाठी तो मार्ग धरला. 1858 मध्ये त्या वारल्या. त्यानंतर सरकारने दत्तक जानोजींना मान्यता देऊन देऊरचे राजेबहादूर केले. म्हणजे ज्या हेतूने त्यांनी ते पाऊल टाकले असावे असे मला वाटते तो त्यांच्या पश्चात का होईना काही अंशी साधला. राजनिष्ठ म्हणून सरकारदरबारी गौरवल्या गेलेल्या कितीतरी सरदारांचे, सावकारांचे आणि संस्थानिकांचे पुतळे कोणी जाळीत नाही. एका बाईचा मात्र जाळतो, आणि तेही पुतनेच्या रूपात, हे मनाला लागते.

मग हे नाव पुतळीला चिकटले कसे? बाकाबाई गेल्यानंतर तेवीस वर्षांनी काळी मारबत निघाली. तोवर राज्य गेल्याचे दुःख जुने झाले होते, पण त्याचा जाब विचारायला समोर कोणी नव्हते: डलहौसी विलायतेत जाऊन वारलेला, कंपनी बरखास्त झालेली, रेसिडेंटच्या जागी कमिशनर आलेला. गोऱ्या अंमलदाराची पुतळी काढणे धोक्याचे होते. स्वतःच्याच घराण्यातल्या मृत राणीची काढणे धोक्याचे नव्हते. आधीपासून चालत आलेल्या रोगाच्या बाईला शहराने इतिहासातले एक नाव देऊन टाकले, आणि ज्या रागाला खरे लक्ष्य सापडत नव्हते तो राग त्या नावावर येऊन बसला, असे मला वाटते. मागून बडग्याला तिचा नवरा ठरवण्यात आले, कारण पुतळ्यांची जोडी जुळली की कथेलाही जोडी लागते. सोंगाचे सामर्थ्य असे की ते अन्यायाला चेहरा देते. आणि त्याचा धोका असा की तो चेहरा कधीकधी भलत्याचाच असतो.

या सोंगाची परंपरा टिकावी, वाढावी, नव्या साठेबाजांचे आणि नव्या अन्यायांचे बडगे दरसाल इतवारीतून निघावेत, असे मला मनोमन वाटते. त्यातल्या एकाही कामटीला हात लावावा असे मी म्हणणार नाही. मात्र काळ्या मारबतीची कथा सांगताना नागपूरच्या शाळांतून आणि वृत्तपत्रांतून 1816 चा तह कोणी केला आणि राज्य खालसा झाल्यावर वाड्याला आग लावण्याची धमकी कोणी दिली, हेही सांगितले जावे. त्याने मारबतीचे काहीच उणे होणार नाही. कारण मिरवणुकीत कान देऊन ऐकले तर जो आक्रोश पिढ्यानुपिढ्या चालत आला आहे त्यात खोकला आहे, ताप आहे, रोगराई आहे, दारिद्र्य आहे, त्या त्या वर्षाचे पाप आहे. जागनाथ बुधवारीच्या बाया लेकराला पिवळीच्या पायांवर घालताना जे मागणे मागतात त्यातही लेकराचे आरोग्यच आहे. आणि बाकाबाईंचे नाव हे मागून सांगणाऱ्यांच्या तोंडी आहे, हाक देणाऱ्यांच्या नाही.